पुसलेल्या ओळींचं माप

कनेरगाव नाक्यावर एसटी पंक्चर झाली आणि ढाब्यावरच्या एकाच बाकड्यावर दोघांचा चहा आला. सन २००४. निता राठोडच्या तोंडाला कुलूप कुठलं! शेजारच्या अनोळखी पोराला तिनं सगळं सांगून टाकलं. हिंगोलीच्या एका कॉम्प्युटर हपिसात ती कालव्याच्या पाणीपाळीचं सॉफ्टवेअर लिहायची. तिथं काम मोजायचे ओळींवर. आणि या बाईनं काय करावं? चार हजार ओळी घासूनपुसून पंधराशेवर आणल्या!

"आता पुण्याहून मापाडी येऊन राहिलाय," ती फणकारली. "ओळी मोजंल, मला कामचुकार म्हणंल. नोकरी गेली की आई तांड्यावर नेऊन लगीन लावून देईल... संपलं!"

"मापाडी मीच," पोरगा हळूच म्हणाला. "रणजीत चव्हाण."

निताला असा ठसका लागला म्हणता!

दुसऱ्या दिवशी हपिसात रणजीतनं ओळींकडं ढुंकूनही पाहिलं नाही. कोरा कागद घेतला. "शेतकरी यात काय काय भरतो? बाहेर काय निघतं? कोणत्या याद्या सांभाळता?" एकेक काम मोजून, सोपं की अवघड ते पाहून त्यानं गुण दिले.

"एकशे बारा गुण. चार हजार ओळींतही एकशे बाराच होते. तेच काम, निम्म्याहून कमी ओळींत..." त्यानं मान वर केली. "हे पुसायला अक्कल लागते, मॅडम."

अगं बाई! निता बघतच राहिली. आईच्या कशिद्यात दोरा किती गेला ते कुणी विचारत नाही, नक्षी बघतात. पण तिच्या कामाची नक्षी आजवर कुणी पाहिलीच नव्हती. अंगावर सर्रकन काटा आला, डोळे भरले... आणि रणजीतची नजर काही हटेना.

हपिसाचे साहेब, भिवाजी सरांनी रणजीतचा अहवाल वाचून तिची नोकरी पक्की केली. रणजीतनं पिशवी खांद्याला लावली.

"उरलेल्या कामाला पाच महिने लागतील," तो दारात घुटमळला.

"अन् तुमाला परत यायला?" बोलून गेली आणि लाजेनं लाल झाली पोरगी.

"तुमी व्हय म्हणाल तर... रविवारी. आईबाबांना घेऊन."

"नोकरी सोडणार न्हाई मी."

"सोडा म्हणंल तो येडा. पण तुमच्या आईला, तांड्याच्या नायकाला पटवायला किती दिवस लागतील?"

"तुमीच सांगा की, मापाडी!"

"न्हाई सांगता येत," रणजीत कावराबावरा झाला. "हे काम आधी कधी केलंच न्हाई."

निता खळखळून हसली. "आईला मी आजच सांगते," ती म्हणाली. "तुमी फक्त या."