सेन्सरवरचा अंगठा

पाऊस चुकवायला तो आमच्या गॅरेजच्या पत्र्याखाली शिरला आणि मी नुकत्याच धुतलेल्या फरशीवर त्याच्या मोटरसायकलनं तेलाचा एक टपोरा थेंब टाकला. माझं डोकंच फिरलं.

“अहो, गाडीला लंगोट बांधा, नाहीतर बाहेर उभी करा!”

तो ओशाळून हसला. केसांतून पाणी निथळत होतं. “थोडंसंच गळतं...”

“थोडंसंच म्हणणारेच शेवटी इंजिन पोत्यात घालून आणतात.”

कोपऱ्यात स्टुलावर बसलेल्या बाबांनी चहाच्या कपात हसू लपवलं. गॅरेज त्यांचं, त्यांचे गुडघे गेल्यापासून हत्यारं माझ्या, म्हणजे त्यांच्या लेकीच्या, हातात आली. तोंड मात्र जन्मापासून माझंच.

मी इंजिन कोरडं पुसलं आणि बाबांचा पावडरचा डबा आणून त्यावर भुरभुरवला.

“पावडर? फोटो काढायचाय का त्याचा?”

“हो. आता गाडी चालू करा आणि बघत बसा. जिथून गळतं तिथली पावडर भिजेल.”

दोघं उकिडवे बसून बघत राहिलो. गिअर दाखवणाऱ्या सेन्सरभोवती पावडर हळूहळू काळी पडली. आतलं रबरी सील कडक झालं असणार. वरून कुणीतरी गळती बुजवायला सिलिकॉन फासून ठेवलं होतं. ते पुसता पुसता माझा हात थांबला. वाळलेल्या थरात अंगठ्याचा ठसा होता... लहानसा, रेघ न् रेघ स्पष्ट.

“हे कुणाचं काम?”

त्यानं माझा टॉर्च घेऊन ठसा जवळून बघितला. “माझ्या बायकोचं. म्हणाली होती, मेकॅनिक कशाला, मी आहे ना... दोन वर्षं झाली तिला जाऊन. हा ठसा मला ठाऊकच नव्हता.”

सील बदलायचं तर तो थर खरवडावा लागणार होता. मी तसं सांगितलं तेव्हा त्यानं हेल्मेट उचललं.

“राहू द्या. गळू दे.”

“तेल मागच्या चाकावर उडतं. एखाद्या वळणावर—”

“सांभाळून चालवीन.”

मग तो येत राहिला. मी तेल भरायची, टायर पुसायची, बडबडायची. तो तिच्याबद्दल सांगायचा. हळूहळू माझ्याबद्दल विचारायला लागला.

“हातावरचं हे ग्रीस कधी निघत नाही का?”

“रविवारी निघतं.”

“मग रविवारी येऊन बघतो.”

आणि खरंच आला! मी वेड्यासारखी सकाळपासून हात घासत बसले होते. मला तो आवडायला लागला होता, आणि मनातल्या मनात मी त्या अंगठ्याची माफी मागायची.

एका संध्याकाळी तो लंगडत आला. कोपर सोललेलं, पँट फाटलेली. वळणावर चाक घसरलं होतं.

“तिचा ठसा जपता जपता जिवानिशी जाल!” मी ओरडले. “मग मी कुणाची वाट बघायची?”

बोलून बसले. बाबा गुडघे धरत उठले आणि चहा ठेवायच्या निमित्तानं आत गेले.

तो खाली बघत म्हणाला, “काढ तो.” पहिल्यांदाच त्यानं मला ‘तू’ म्हटलं.

मी खरवडलं नाही. दाढीच्या पात्यानं कडेकडेनं, श्वास रोखून थर सोडवत गेले. त्यानं टॉर्च जवळ धरला. ठसा अख्खा निघाला. नव्या सीलच्या डबीत कापूस घालून मी तो त्याच्या हातात ठेवला. मग सील बसवलं, स्क्रू बेतानं आवळले, पुन्हा पावडर टाकली. ती कोरडीच राहिली.

डबी खिशात ठेवून तो गेला. आता गाडी गळणार नव्हती, म्हणजे त्याला इथे यायचं कारणही उरलं नव्हतं. मीच माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. फरशी रोज स्वच्छ राहायची आणि त्या स्वच्छ फरशीचा मला राग यायचा.

मग एका लख्ख दुपारी ती मोटरसायकल पत्र्याखाली येऊन थांबली. मी सवयीनं इंजिनाखाली वाकले.

“गळत नाहीये,” तो म्हणाला.

“मग?”

“पाऊसही नाहीये.” त्यानं हेल्मेट काढलं. “काहीच कारण नाहीये... तुझ्यासाठी आलोय. थांबू?”

रविवार नव्हता, माझे हात कोपरापर्यंत ग्रीसनं माखले होते. मी पायानंच स्टूल त्याच्याकडे सरकवलं.