गोंगाटाखालची टिकटिक

करंट येईपर्यंत ऐका. असे जवळ सरकून बसा. आपल्या राजवाड्यामागच्या गल्लीत भरद्वाज राहायचा, टेलिफोन खात्यातला, त्याच्या बाबतीत घडलेलं हे. साल शहाण्णव. कार्तिगै दीपाच्या, कार्तिकातल्या त्या दिव्यांच्या सणाच्या, दुसऱ्या दिवशीची रात्र.

त्या संध्याकाळी भरद्वाज सायकल काढून बाजारात गेला. फेराइटच्या कड्या हव्या होत्या, गोंगाट अडवायला वायरींवर चढवायच्या, काळ्या, बांगडीएवढ्या. त्याला हॅम रेडिओचा नाद, घरबसल्या दूरच्या हौशी लोकांशी बोलायचा. माडीवर सेट, गच्चीवर अँटेना. वेदारण्यम्‌च्या पुढं अगदी समुद्राकाठी सुब्रमण्यम नावाचा मास्तर राहायचा, त्याच्याशी रोज रात्री नऊला मोर्समध्ये, टिकटिकीच्या खुणांत, गप्पा. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. पण सुब्रमण्यमच्या बोटांची लय भरद्वाज झोपेतसुद्धा ओळखायचा.

मुलीसाठी, साईप्रियासाठी, घरात काँप्युटर आला आणि घोटाळा झाला. तिचं कॉलेजचं काम नेमकं नऊला. काँप्युटर लावला की रेडिओत तेलात मोहरी पडल्यासारखी तडतड. ह्यानं मोर्सची किल्ली दाबली की तिकडं पडद्यावर भलतीच अक्षरं. त्यातच किनाऱ्यावर वादळ येऊन गेलं. आठवडाभर सुब्रमण्यम ऐकू आला नाही.

"त्याचा सिग्नल बारीक गं. ह्या गोंगाटात बुडतो," भरद्वाज बायकोला, कनकलताला, सांगायचा. 

तर त्या रात्री त्यानं काँप्युटरच्या वायरी कड्यांमधून वळवून घेतल्या. त्याच्या डब्याला अर्थिंगची जाड तार जोडली. अँटेनाची केबल दुसऱ्या भिंतीनं फिरवली. तडतड कमी होत गेली... आणि थांबली.

खाली, अगदी खाली, टिकटिक होती.

"अप्पा, तेच मामा?" साईप्रियानं विचारलं.

भरद्वाजचे डोळे भरून आले. "तोच! म्हटलं नव्हतं मी?"

मग तो अक्षरं जुळवू लागला. 'भरद्वाज. ऐकू येतं का? पाणी घरात शिरलंय.'

त्यानं लगेच उत्तर दिलं. 'येतं, येतं. कुठं आहेस?'

'ऐकू येतं का? पाणी छातीला लागलंय. कुणाला तरी पाठव.'

वादळ जाऊन आठवडा झाला होता. आता कसलं पाणी? तरी भरद्वाज धावत फोनकडं गेला. तिकडच्या लाइनी अजून पडलेल्या. हे त्याच्याच खात्याचं काम, त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? परत येऊन किल्ली दाबत बसला. बोटं दुखेपर्यंत. 'ऐकतोय. मी ऐकतोय.'

'ऐकू येतं का?'

एवढंच. पुन्हा पुन्हा.

"काँप्युटर बंद कर," तो म्हणाला. साईप्रियानं केला. टिकटिक वाढली.

त्यानं अँटेना काढली. टिकटिक चालूच.

सेटचा प्लग उपटला. डायलचा दिवा गेला.

टिकटिक... चालूच.

साईप्रियानं त्याचा हात घट्ट धरला. "अप्पा... ते रेडिओतनं नाही येत."

खिडकी बंद होती. माडीची खिडकी. बाहेर ना सज्जा, ना झाड. आणि बाहेरच्या लोखंडी गजांवर कुणीतरी...

'ऐकू... येतं... का?'

भरद्वाज ओरडला, "येतं रे! येतं!" मोठ्यांदा, तोंडानं. बाहेर पोचलं नाही, तोच प्रश्न पुन्हा. खिडकी उघडायला उठला, पाय उचलेना. सकाळपर्यंत बाप-लेक तशीच बसून. कधीतरी आवाज मंद झाला. कधीतरी... थांबला.

दोन दिवसांनी तिकडच्या टपालमास्तरनं कळवलं. सुब्रमण्यम वादळाच्या पहिल्याच रात्री गेला होता. घरासकट.

पण त्याआधी, त्या रात्रीनंतरच्याच सकाळी, कनकलतानं खिडकी उघडली होती. गजांवर पांढरा थर. तिनं बोटानं चाखून पाहिलं. मीठ. समुद्र इथून कुठं, सांगा? सगळ्या गजांवर मीठ होतं. फक्त मधल्या दोन गजांवर चार-चार बोटं जागा स्वच्छ होती, कुणीतरी दोन्ही मुठींनी धरून ठेवल्यासारखी.