ताईच्या मशीनची मेमरी

ताईच्या कॉम्प्युटरची मेमरी वाढवून देतो, असं मी दोन वर्षं म्हणत होतो. माझं दुकानच कॉम्प्युटर दुरुस्तीचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. ती घरी बसून लोकांची हस्तलिखितं टाइप करून द्यायची.

"फार रखडतंय रे," ती फोनवर म्हणाली होती.

"मेमरी म्हणजे तुझं टेबल. ते लहान, म्हणून सध्या न लागणारे कागद मशीन डिस्कच्या कपाटात टाकतं आणि लागले की आणतं. त्याला व्हर्च्युअल मेमरी म्हणतात. फायदा हा की लहान टेबलावर मोठं काम निभावतं. तोटा म्हणजे हेलपाटे."

"म्हणजे मलाही तू कपाटातच टाकलंयस," ती हसली. समोर गिऱ्हाईक होतं, मी फोन ठेवला. त्याची मला आज लाज वाटते.

ती गेल्यावर महिन्याने भाऊजींनी तिचं मशीन दुकानात आणलं.

"शेवटच्या दिवशी तुला पत्र लिहीत होती. सेव्ह करायचं राहिलं. मिळेल का रे?"

मशीन बंद केलं की टेबलावरचं सगळं पुसलं जातं, कपाटातलं मात्र बरेचदा राहतं. मी डिस्क काढून माझ्या मशीनला जोडली, फक्त वाचण्यापुरती. निरर्थक अक्षरांच्या ढिगात एक ओळ सापडली: छोट्या, तुला एक सांगायचं राहिलंय.

पुढे काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिच्याखाली आणखी एक ओळ होती. इथून एकेक शब्द आणायला फार वेळ लागतो रे. डिस्कवर कुणीच काही लिहिलेलं नव्हतं. मी दोनदा तपासलं. काल नजरेतून सुटली असेल म्हणून हातातला चहाचा कप बाजूला ठेवून पहिल्यापासून वाचत आलो. आता तिसरी ओळ होती.

चहा गार झाला तुझा.

कपाला हात लावला. झाला होता.

मग मी डिस्क तिच्या मशीनमध्ये परत बसवली आणि दोन वर्षं रखडलेली मेमरीची नवी पट्टीही लावली. मशीन सुरू केलं. पत्राचं पान आपोआप उघडलं, अक्षरं भराभर उमटू लागली. ताई टाइप करायची त्याच वेगाने.

आता कसं मोकळं वाटतंय. तर ऐक छोट्या,

मशीनचं झाकण उघडंच होतं. डोळे पडद्यावर ठेवून मी स्क्रू-ड्रायव्हर उचलला. झाकण लावायचं तर आधी मशीन बंद करायचं, ही हाताची वीस वर्षांची सवय.

बटण दाबलं गेलं तेव्हा शेवटचे शब्द दिसले. बंद नको करूस.

डिस्क पुन्हा काढून वाचली, तर त्या ओळींच्या जागी नुसती शून्यं होती. टेबल मोठं झाल्यावर तिने कपाटात काहीच ठेवलं नव्हतं.

"काही मिळालं नाही," मी भाऊजींना सांगितलं.

"असू दे. तू वेळ काढलास," ते म्हणाले.

ती पट्टी काढून मी टेबलाच्या खणात ठेवली. त्याला चार महिने झाले. रोज दुकान उघडलं की आधी तिला हात लावून बघतो.

अजून कोमट आहे.