राखाडी पट्ट्या गेल्या कुठे?

सुटीचे सगळे बेत केव्हाच बारगळले होते. पोहायला न्यायचं कबूल केलेला मामा सकाळपासून भंगारवाल्यांची दुकानं पालथी घालत होता, आणि ठिणगी पायरीवर बसून नुसती धुमसत होती. तिला हे नाव काही उगाच पडलेलं नव्हतं.

मामा सौरऊर्जा प्रकल्पात स्टोअरकीपर होता. स्टोअरबाहेर ठेवलेल्या अर्थिंगच्या तांब्याच्या पट्ट्या गायब झाल्या होत्या. जमिनीत पुरायच्या त्या पट्ट्यांशिवाय प्रकल्प सुरू करणं धोक्याचं होतं. नव्या मागवाव्यात, तर विजेच्या गाड्यांपासून पवनचक्क्यांपर्यंत सगळ्यांनाच तांबं हवं, आणि खाणी मोजक्याच! पुढचा माल यायला कित्येक महिने लागणार होते. इंजिनिअरसाहेबांनी सगळ्या कामगारांदेखत मामालाच चोर ठरवलं होतं. संध्याकाळपर्यंत पट्ट्या मिळाल्या नाहीत, तर त्याची नोकरी जाणार होती.

मामाचा मुलगा खिशा म्हणजे टाकाऊ वस्तूंचं चालतं दुकान. त्याला एकच कोडं पडलं होतं. "चोरांना ओळखू येऊ नयेत म्हणून साहेबांनी त्या राखाडी रंगवून घेतल्या होत्या. अगदी लोखंडासारख्या! मग त्या चोरल्या कुणी?"

"बाहेर का ठेवल्या होत्या मुळात?" ठिणगीने विचारलं.

"स्टोअरमध्ये उद्घाटनाच्या पाहुण्यांसाठी खुर्च्या कोंबल्यात. साहेबांचाच हुकूम."

ठिणगीने कपाळावर हात मारला आणि ती उठली. तिच्यामागे खिशा आणि खिशामागे त्याची धाकटी बहीण शेपूट निघाली. तिला बरोबर न्यायचं नाही असं रोज ठरायचं, आणि ती रोज यायची.

प्रकल्पाच्या आवारात पाहुण्यांसाठी रंगरंगोटी चालली होती. ठिणगीने साहेबांना काही विचारायला तोंड उघडलं, तर मोठ्यांच्या कामात लुडबूड नको म्हणून त्यांनी तिला हाकललं. तेवढ्यात शेपूट नव्या ताटव्याच्या काठावरून तोल सांभाळत चालू लागली आणि काठाची पट्टी वाकली.

खिशा बहिणीवर खेकसला, पण ठिणगी खाली वाकून बघत होती. निम्म्या मातीत खोचलेली ती पट्टी राखाडी होती.

"खिशा, चुंबक आहे?"

बटणं, शिट्टी, तुटकं कुलूप असं सगळं बाहेर आल्यावर एकदाचं चुंबक निघालं. ते पट्टीला चिकटेचना! ठिणगीने दगडाने रंग खरवडला. आत लालसर तांबं चकाकलं.

ताटवा लावणारे माळीबुवा बिचारे गोंधळून गेले. साहेबांनी खिडकीतून न बघताच हात करून सांगितलं होतं, ते बाहेर पडलेलं लोखंड ताटव्याला लावून टाका. रंगाची गोष्ट माळीबुवांना सांगितली कुणी होती? आणि वणवण फिरणाऱ्या मामाला तरी बागेकडे बघायला फुरसत कुठली!

साहेब आले. पट्टी बघून आधी त्यांचा चेहरा उतरला, मग एकदम खुलला. "बघा, रंग किती बेमालूम जमलाय! शाबास, मुलांनो!"

ठिणगीचं डोकंच फिरलं. "शाबासकी राहू द्या. मामाला चोर म्हणालात ना? तेही सगळ्यांसमोर? आता चूक कुणाची ते सगळ्यांसमोरच सांगा."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. कामगार तोवर जमलेच होते. मामालाही निरोप देऊन बोलावून घेतलं. साहेब दोनदा खाकरले आणि म्हणाले, "चूक माझी होती. यांनी काहीही चोरलेलं नाही. मला माफ करा."

मामाने तोंड फिरवून डोळे पुसले. मामाला रडताना मुलांनी कधीच पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्यांना कुठे बघावं तेही कळेना. शेपूट तेवढी जाऊन त्याला बिलगली. मामाने तिला उचलून घेतलं, दुसरा हात ठिणगीच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाला, "आज घरी मान वर करून जाता येईल, पोरांनो. तुमच्यामुळे."