मागच्या शेडमधल्या गुलाबी जिभा

धाकट्या काकाची एक खोड होती आणि ती घरात कुणालाच सोसत नव्हती. त्याला काम सांगायला लागलं की वाक्य अर्धं होतं न होतं तोच तो म्हणायचा, "झालं."

"दूध गॅसवर ठेवलंय, उतू जायच्या आत..."

"झालं." आणि दूध ओट्यावरून खाली, तिथून मोरीत.

"गेट लावताना वरचा बोल्ट..."

"झालं." आणि शेजारच्या शेळ्या आजीच्या भाजीत.

माणूस आळशी नव्हता. पहाटे उठायचा, घाम गाळायचा. पण कान त्याने नुसते शोभेला ठेवलेले होते. सुट्टीला आलेल्या तिन्ही नातवंडांनी तर त्याचा खेळच केला होता. काका "झालं" म्हणाला की पळत जायचं आणि काय राहिलं ते शोधून काढायचं. अजून एकदाही हात हलवत परत यावं लागलं नव्हतं.

तिघांना त्यांच्या खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. थोरली होती वकील. तिला 'हो' म्हणण्यापूर्वी 'का' विचारल्याशिवाय राहवत नसे. तिचा भाऊ भोंगा. त्याने कानात सांगितलेलं गुपितही रस्त्यापर्यंत ऐकू जायचं. आणि चुलत बहीण बटण, एवढीशी, पण कोंबडी धरावी तर तिनेच. हात घातला की कोंबडी फडफडायची नाही, उलट डोळे मिटायची.

आजीच्या कोंबड्यांच्या दोन शेड होत्या, पुढची आणि मागची. आजोबा गेल्यावर तिने त्या स्वतःच्या हिमतीवर उभ्या केल्या होत्या. घर त्यांच्यावर चालत होतं, आणि ते कुणी विसरलं तर आजी आठवण करून द्यायला चुकत नसे. मागच्या शेडमध्ये एक लंगडी कोंबडी होती. ती बटणची. म्हणजे बटणने तसं जाहीर केलं होतं.

त्या आठवड्यात रस्त्याच्या टोकाच्या फार्मवर मानमोडी आली. कोंबड्या माना वेड्यावाकड्या टाकून गोल गोल फिरायच्या, मग पडायच्या. अर्धी शेड रिकामी झाली म्हणे. आजीने त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि बाई दुसऱ्या दिवशी सकाळीच बर्फाचा डबा घेऊन हजर झाल्या.

शेडच्या दारात औषधी पाण्याचं घमेलं होतं. त्यात पाय बुडवल्याशिवाय आत जायचं नाही.

"हे कशाला?" वकीलने विचारलंच.

"अंगाला कातडी कशाला असते? चोराने आत शिरू नये म्हणून," आजी म्हणाली. "हे घमेलं म्हणजे माझ्या शेडची कातडी. बुडव पाय, वकिली नंतर."

डॉक्टरीणबाईंनी बादलीभर पाण्यात औषध टिकावं म्हणून दूध पावडर घातली, निळ्या रंगाची पुडी सोडली आणि मग पाण्याच्या आतच बोटाएवढी बाटली उघडली. "ही लस. यात मानमोडीचेच जंतू आहेत."

"म्हणजे आपण आपल्याच हाताने रोग पाजतोय?" भोंगा ओरडला. चार कोंबड्या दचकून उडाल्या.

"हळू बोल रे बाबा. हो, रोगाचेच. पण इतके दुबळे, की यांच्याने मान मोडत नाही. अंगातल्या पहारेकऱ्यांना नुसता चेहरा दाखवायचा."

"आपल्या कुत्र्यासारखं बघ," आजीने मध्येच तोंड घातलं. "धाकट्याने एकदा त्याच्या शेपटीवर पाय दिला. तेव्हा त्या बिचाऱ्याला काय झालं ते कळायच्या आत शेपूट चेंगरली होती. आता? धाकट्याची चप्पल लांबून वाजली तरी दात बाहेर. माणूस दिसायचीही गरज नाही. अंगात तसेच राखणदार असतात. पहिल्यांदा गोंधळतात. एकदा ओळखलं की मग सोडत नाहीत."

"अगदी तसंच," बाई हसल्या. "रक्तात असे राखणदार फिरत असतात. काही दिसेल त्याच्यावर तुटून पडतात, काही त्या एकाच चोरासाठी हत्यार घडवतात, आणि काही नुसते लक्षात ठेवून बसतात. पण पाण्यातून पाजायची ही लस जिवंत असावी लागते. मेली, तर त्या नुसत्या पाणी प्यायल्या असं समजायचं."

"मग आज पाजली की आजच रोग अडेल?" वकीलने विचारलं.

"नाही ना. हत्यार घडवायला दिवस लागतात. तोवर बाहेरची गाडी, बाहेरचे ट्रे, दुसऱ्या फार्मवरचे पाय, काही आत येऊ द्यायचं नाही."

कोंबड्या सकाळपासून तहानलेल्या ठेवल्या होत्या. निळं पाणी भांड्यांत उतरताच त्यांनी चोची खुपसल्या. थोड्या वेळाने बाईंनी एक कोंबडी बटणकडे दिली. "चोच उघड बघू."

बटणने चोच उघडली. आत इवलीशी जीभ, निळीशार.

"जी प्यायली तिची जीभ निळी. चुकली ती लगेच सापडते."

एवढ्यात बाईंचा फोन वाजला. कुणाची तरी गाय विताना अडली होती. त्या घाईघाईने हात धुऊ लागल्या. "मागची शेड तुम्ही करा," त्या डब्यातली दुसरी बाटली काकाच्या हातात देत म्हणाल्या. "तिथे टाकीतून सोडायचंय. सगळं असंच, आणि शेवटी जिभा..."

"झालं," काका म्हणाला.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

दुपारी आजी पुढच्या शेडमध्ये कोपऱ्यात राहिलेल्या कोंबड्या पाण्याकडे हुसकत होती. काका अंगणात बाजेवर पाय ताणून पडला होता.

"काका, मागची शेड?" भोंग्याने विचारलं.

"झालं. पाणी सोडलं, प्यायल्या, भांडी कोरडी ठक्क. जा, खेळा."

तिघं खेळायलाच गेली, पण मागच्या शेडमध्ये. घमेल्यात पाय बुडवले आणि बटणने आधी आपली लंगडी उचलली. चोच उघडली. मग दुसरी उचलली. मग तिसरी.

"काय झालं?" भोंग्याने त्याच्या मानाने हळू विचारलं.

"गुलाबी," बटण म्हणाली. "सगळ्यांच्या गुलाबी."

"म्हणजे काकाने लस घातलीच नाही," भोंगा म्हणाला.

"पुरावा?" वकील म्हणाली आणि थेट कचऱ्याच्या डब्याकडे गेली. डब्यात रिकामी बाटली होती. रंगाची फाटलेली पुडी होती. दूध पावडरची पिशवी मात्र खिडकीत तशीच बांधलेली. बादलीच्या कडेला निळा डाग. "लस घातली, रंग घातला. दूध पावडर राहिली. पण तेवढ्याने निळं कसं नाहीसं होईल?"

भोंग्याने टाकीचा नळ सोडून ओंजळ भरली. पाणी काचेसारखं स्वच्छ. त्याने नाक खुपसलं आणि तोंड वाकडं केलं. "शी! पोहण्याच्या तलावाचा वास."

वकीलने फाटलेली पुडी झटकली. तळाशी चिमूटभर रंग उरला होता. घरातून ती दोन पेले घेऊन आली. एकात स्वयंपाकघरातलं पाणी, दुसऱ्यात टाकीतलं. दोन्हींत रंग टाकला. दोन्ही पेले निळे झाले. तिघं उकिडवी बसून बघत राहिली. बघता बघता टाकीचा पेला फिका पडला, आणखी फिका पडला, आणि शेवटी त्यात रंग होता हेही सांगता येईना. घरातला पेला मात्र निळाच.

"ब्लीचिंग पावडर," वकील म्हणाली. "काल आजी काय म्हणाली होती आठवतंय? 'टाकी घासून घे, पण पावडर...'"

"'झालं!'" दोघं एकदम म्हणाली.

"आजी सांगत होती पावडर घालू नकोस. याने ऐकलं फक्त 'पावडर', आणि चांगली ओंजळभर घातली. जी पावडर रंग खाते ती लसीला सोडेल का?"

"म्हणजे माझी लंगडी नुसतं पाणी प्यायली," बटण म्हणाली. "तिच्या राखणदारांना चोर दाखवलाच नाही." आणि ती आजीकडे पळाली.

उरलेली दोघं तिच्या मागे निघणार तोच गेटवर हॉर्न वाजला. अंड्यांचा टेम्पो. रस्त्याच्या टोकाकडून आलेला, चाकांना ओला चिखल, मागे रिकाम्या ट्रेची चळत. काका चप्पल फटफटवत गेटकडे निघाला होता.

"काका, थांब! गाडी आत घ्यायची नाहीये," वकील म्हणाली.

"मीच बोलावलंय त्याला. लस झाली म्हणून सांगितलं. व्हा बाजूला."

"लस झाली नाहीये, काका."

"मोठ्यांना शिकवू नका. बाजूला व्हा म्हणतो ना."

काकाला समजावत बसावं, तर टेम्पो आत येणार. वकीलने इकडेतिकडे पाहिलं. कुत्रा झाडाखाली झोपला होता. तिने धावत जाऊन त्याची साखळी सोडली आणि गेटच्या बोल्टलाच अडकवून टाकली. कुत्रा जांभई देऊन तिथे बसला. मग त्याच्या कानावर चप्पल आली, फट्, फट्. त्याचे कान ताठ झाले. दात बाहेर आले.

काका जागच्या जागी थांबला. "हे काढ आधी इथून."

"काढते की. आजी आली की काढते."

गाडीवाल्याने खिडकीतून डोकं काढलं. "काय तमाशा आहे? मला अजून दोन फार्म करायचेत. तुमच्या काकांनी फोनवर सांगितलं, झालं म्हणून."

"काय झालं ते सांगितलं का?" वकीलने विचारलं.

गाडीवाला म्हणाला, "ते नाही विचारलं."

"कुठून आलात आत्ता?"

"टोकाच्या फार्मवरून. त्यांचे उरलेले ट्रे उचलले ना."

"तिथे मानमोडी आहे," भोंगा म्हणाला, आणि या वेळी त्याला कुणी हळू बोल म्हटलं नाही. "तुमच्या चाकांना आहे, ट्रेना आहे, बुटांना आहे. आमच्या मागच्या शेडमधल्या एकाही कोंबडीला लस लागलेली नाही!"

हे पार पुढच्या शेडपर्यंत ऐकू गेलं. आजी बटणचा हात धरून येतच होती. तिने टेम्पो पाहिला, चिखल पाहिला, कुत्रा पाहिला. काकाकडे मात्र तिने अजून पाहिलं नाही. "गाडीवाले, मागे घ्या. अंडी या आठवड्यात मिळायची नाहीत. आणि दुसरीकडे जाण्याआधी चाकं धुवा. माझी लेकरं वाचली, दुसऱ्याची का मारता?"

गाडीवाल्याने टेम्पो मागे घेतला.

वकीलने दोन्ही पेले आजीपुढे ठेवले. काकाने खाली वाकून पाहिलं. "मला वाटलं, पावडर घाल म्हणालीस," तो पुटपुटला.

"तुला वाटलं," आजी म्हणाली. एवढंच.

डॉक्टरीणबाई दुसऱ्या दिवशी नवी बाटली घेऊन आल्या. टाकी रिकामी करून साध्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतली. धुतली काकानेच, पण शेजारी वकील उभी होती आणि तो कॉक सोडण्याआधी ती दर वेळी वास घेत होती. आधी दूध पावडर, मग रंग, मग लस. बटणने लंगडीला स्वतः भांड्यापाशी नेलं. तिची जीभ निळी झालेली दिसली तेव्हा बटणने ती सगळ्यांना दाखवली, कुत्र्यालाही.

मग वाट बघणं आलं. पाय बुडवल्याशिवाय कुणी आत गेलं नाही आणि गेटबाहेरची वस्तू आत आली नाही. एका सकाळी लंगडी मान पंखात घालून बसलेली दिसली आणि बटणच्या तोंडचं पाणी पळालं. जवळ गेली तर ती अंडं घालत होती आणि तिला कुणी बघायला नको होतं.

रस्त्यावरच्या आणखी एका फार्मवर मानमोडी शिरली. आजीच्या शेडमध्ये ती आली नाही. सुट्टी संपत आली तेव्हा बाईंनी दोन्ही शेडमधल्या काही कोंबड्यांचं रक्त तपासायला नेलं आणि निकाल घेऊन त्या स्वतः आल्या.

"राखणदार तयार आहेत, दोन्हीकडे," त्या म्हणाल्या. "मागची शेड या तिघांनी वाचवली, आजी. जिभा बघा हे मी सांगत होते, पण ऐकलं यांनीच. आता काही आठवड्यांनी पुन्हा एकदा पाजू. राखणदारही हळूहळू विसरतात, त्यांना आठवण करून द्यावी लागते."

आजीने तिघांच्या पाठीवर एकेक धपाटा घातला. तिच्याकडून याहून मोठं बक्षीस आजवर कुणाला मिळालं नव्हतं. "कार्टी माझ्यावर गेलीत," ती म्हणाली. मग काकाकडे वळली. "धाकट्या, बाईंना सोडायला जा. गेट लावताना वरचा बोल्ट..."

"झा..." काका म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

"ये इकडे. आज माझं पूर्ण ऐकून जा," आजी म्हणाली. "तू वाईट नाहीस, कामचोर नाहीस. पण त्या कोंबड्यांच्या डोक्यात मेंदू हरभऱ्याएवढा, आणि त्यासुद्धा एकदा दाखवलेलं ओळखायला शिकल्या. तू शिकशील याची मला आता खात्री नाही, म्हणून तुलाही अधूनमधून आठवण करून देत जाईन. आणि यापुढे 'झालं' हा शब्द माझ्यासमोर चालणार नाही. काम केलंस ना, तर मला निळी जीभ दाखवायची."