खिडकीतला रुमाल

कारंजाच्या स्टँडवर अकोल्याची गाडी लागली आणि हेमला गर्दीतून वाट काढत चढली. खिडकीची एक जागा रिकामी दिसली, तिथे ती बसलीसुद्धा. बसल्यावर लक्षात आलं, खाली निळा रुमाल आहे.

"तो माहा रुमाल हाये," वरून आवाज आला.

"मंग घ्या ना! मी कुठी खाल्ला?" तिने रुमाल काढून पुढे केला. जागा मात्र सोडली नाही.

आता एसटीच्या खिडकीतून टाकलेला रुमाल म्हणजे काय, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. रुमाल पडला की जागा पक्की. त्यावरून लोक एकमेकांची कॉलर धरतात. हा उंच मुलगा मात्र बघतच राहिला. पोरीच्या तोंडावर मास्क, डोक्याला घट्ट पिवळा स्कार्फ, आणि मधे दोन डोळे... भुवया गळालेल्या, पण काय ते डोळे!

"मले खिडकी लागते," ती म्हणाली. "कॅन्सर हाये. डोस घ्याले चालली. मळमळलं तर तुमच्याच अंगावर होईन, पाहा बाप्पा."

शेजारी टेकलेल्या तिच्या आईने, जमनाबाईने, कपाळावर हात मारला. घरात तो शब्द कोणी मोठ्याने घेत नसे. हेमला मुद्दाम घ्यायची. छातीत गाठ सापडली, ठरलेली सोयरीक मोडली, तिच्या गावच्या, इंझोरीच्या बाया भेटायला येऊन गळा काढू लागल्या, तेव्हाच तिने ठरवलं होतं — सगळे डोस पुरे करायचे, आपल्या शिवणकामाचं मशीन बंद पडू द्यायचं नाही आणि कोणाची कीव घ्यायची नाही. कणभरसुद्धा नाही.

"बसा," तो म्हणाला. "मी राजपाल. कारंजात फवारणीचे पंप दुरुस्त करतो, पार्ट आणाले अकोल्याले जातो. उलटीसाठी पिशवी हाये का जवळ?"

नव्हती. त्याने आपली पिशवी झटकून दिली, आतले दोन जुने नोझल खिशात कोंबले आणि बाकाच्या टोकाला अर्धा लटकत बसला. उतरताना जमनाबाईकडून पुढच्या डोसाची तारीख तेवढी विचारून घेतली.

पुढच्या डोसाला ती चढायच्या आधीच खिडकीत निळा रुमाल हजर! बाजूला राजपाल — भांग पाडून, शर्टाला घमघमीत अत्तर लावून. गाडी मुर्तिजापूरला पोचायच्या आत त्या अत्तराने घोटाळा केला. हेमलाने पिशवी भरली.

"सॉरी... मले वाटलं, चांगला वास—"

"मले चांगले वासच सोसत नाईत आता," ती घाम पुसत म्हणाली. "मदत कराची असन तर इचारून करत जा. अंदाजानं नको."

"मंग सांग ना. काय लागते तुले?"

हेमलाने पिशवीला गाठ मारली. इतके लोक येऊन गेले, इतकी केळी आणि बिस्किटं साठली, पण हे कोणी विचारलंच नव्हतं.

"कोमट पानी," ती हळूच म्हणाली. "आल्याचा तुकडा. खोकणारा कोनी बाजूले नको. अन् 'आता कसं होईन' म्हनून इचारू नको. भलतंच काईतरी बोल."

भलतंच बोलण्यात तो पटाईत निघाला. कोणाच्या पंपात बेडूक निघाला, कोणी टाकीत ताक भरलं... मधे बसलेली जमनाबाई झोपेचं सोंग घेई. हेमला हसली की मास्क हलायचा, आणि तेवढ्यावर राजपालचा दिवस छान जायचा.

असंच एकदा परतताना तिने डोळे बारीक केले.

"काहो पंपवाले, तुही पिशवी रिकामीच काहून असते?"

"पार्ट... भेटले नाई."

"कसे भेटतीन? तुह्या दुकानदाराची सोमवारी सुटी असते. मी रिक्षातून पाटी पाह्यली. पह्यल्या खेपेले फसला असशीन, पन दरखेपी? अन् माहा डोस तं सोमवारीच असते."

त्याचे कान लाल झाले. "हेमला, मले तू..."

"थांब!" तिने हाताने अडवलं. "आत्ता नको सांगू. डोस संपू दे. आत्ता सांगशीन तर मले कळणारच नाई... मी आवडते का माही कीव येते तुले."

त्याने रिकाम्या पिशवीची घडी करून खिशात घातली.

"बरं," तो म्हणाला. "तू बोलल्याबिगर मी तोंड उघडत नाई."

रुमाल मात्र टाकत राहिला. तोंडात फोड आले, पाणीही घशाखाली उतरेना, तेव्हासुद्धा ती स्टँडवर आली आणि रुमालाच्या जागी बसली. डोस संपले. डॉक्टर म्हणाले, तपासणीला मात्र येत राहायचं. दुखणं पुन्हा डोकं वर काढेल का, कोणालाच सांगता येत नव्हतं. तोवर काय जगणं थांबवायचं? हेमलाला ते मान्य नव्हतं.

तपासणीच्या दिवशी राजपाल स्टँडच्या खांबाला टेकून उभा होता. रुमाल खिशात. डोस संपले, आता कुठल्या हक्काने जागा धरायची? आणि बोलायचं नाही, हा शब्द दिलेला. तो आपला गाड्यांचा फलक वाचत होता.

तो जवळही येत नाही, याचा हेमलाला आधी राग आला. मग एकदम उमगलं. कीव कधी थांबत नाही. न बोलावता येऊन गळ्यात पडते. हा मात्र थांबला होता.

गाडी आली. लोक दाराकडे धावले. हेमलाने डोक्यामागची गाठ सोडली आणि पिवळा स्कार्फ खिडकीतून आत फेकला. नुकत्याच उगवलेल्या हरभऱ्याएवढे तिचे केस भर स्टँडवर उघडे पडले.

"पोरी, डोकं!" जमनाबाई ओरडली.

"असू दे, माय. वारा लागू दे त्याले." आणि तिने हाक मारली, "राजपाल! जागा धरली. चढ!"

एवढे दिवस मधे बसणारी जमनाबाई गाडीत शिरली आणि न थांबता सरळ पुढे गेली. "मले पुढंच बरं वाटते," असं उगाच कंडक्टरला म्हणाली.

राजपाल स्कार्फ दोन्ही हातांत धरून बसला. खिडकीशी बसलेल्या हेमलाने मास्क खाली ओढला. तिचं अख्खं हसू त्याने पहिल्यांदाच पाहिलं.

"मले तू आवडते, राजपाल," ती म्हणाली. "आता तुह्यं सांग. अकोला लांब हाये... सावकाश सांग."