आराखड्यात नसलेला खळगा

एकतीस वर्षांत मिस्त्रींच्या कामात बोट ठेवायला कुणाला जागा सापडली नव्हती. ती सापडली त्यांच्या भाचीला, आणि तीही संग्रहालयाच्या कार्यशाळेत, चार लोकांसमोर.

"मिस्त्री, हा खळगा कुठून आला? आराखड्यात नाहीये."

घरी मामा, इथे मिस्त्री. बहिणीच्या माघारी जिला खांद्यावर खेळवले, ती आता खगोलशास्त्रज्ञ होऊन त्यांच्याच चुका काढत होती.

काम तसे साधे होते. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यात, पार बाहेरच्या कडेला, निव्वळ धातूचा एक लघुग्रह फिरतो. त्याची नारळाएवढी पोलादी प्रतिकृती करायची. मिस्त्रींनी ती मशीनवर कापली, कानशीने घासली, मापे तीनदा तपासली. तेव्हा खळगा नव्हता.

त्यांनी मुकाट्याने वेल्डिंग करून तो भरला. जेवून परत आले, तर खळगा जागच्या जागी. किल्ली त्यांच्याच खिशात होती. पुन्हा भरला, अंगठा फिरवून पाहिला. पोलाद गुळगुळीत लागले. सकाळी अंगठा परत आत गेला.

"डोळे साथ देत नसतील तर सांगा," भाची म्हणाली. "दुसऱ्या कुणाला देते काम."

मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिची पाठ वळताच त्यांनी आपला जुना हातोडा उचलून गोळ्यावर हाणला. खळग्याशेजारी चौकोनी वण उमटला. हातोड्याचा एक कोपरा उडालेला होता, तो वणातही उठला. एका घावात पोलाद इतके दबत नाही, हे त्यांना ठाऊक होते. तरी बरे वाटले.

शुक्रवारी दुपारी भाची आली आणि तिने दार आतून लावले. गेल्या वर्षी त्या लघुग्रहाजवळून एक यान गेले होते. त्याने तेव्हा काढलेले फोटो अजून एकेक करून पोचत होते. तिच्या हातात आजचा होता.

फोटोत खळगा होता.

"चुकलं माझं, मामा."

"हे बाहेर म्हण. चौघांसमोर."

"आता कशाला वाढवायचं?"

दार लावून मामा. मिस्त्रींच्या कानशिलाची शीर उडू लागली.

"ते राहू दे. हे बघा." तिचे बोट खळग्याशेजारी थांबले. तिथे दहा किलोमीटर लांबीचा चौकोनी वण होता. एक कोपरा उडालेला.

तिने प्रतिकृतीकडे पाहिले. मग हळूच विचारले, "मामा, किती घाव घातलेत?"

"एक."

फोटोत दोन होते. दुसरा जास्त खोल होता.

मिस्त्रींनी खाली पाहिले. हातोडा त्यांच्या हातात होता.